आत साहेब आहेत

मी काम करते त्या खोलीच्या दारावर आजवर चार पाट्या लागल्या. पहिली इंग्रजीत होती. ती कुणी वाचलीच नाही. दुसरी मी लिहिली. ती साऱ्या कारखान्याने वाचली आणि पॅकिंगमधल्या बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. तिसरीही मीच लिहिली. तिला कुणी हसले नाही, आणि तेव्हाच काहीतरी चुकले आहे हे माझ्या लक्षात यायला हवे होते. चौथी अजून आहे.

खोली परळला, एका औषधांच्या कारखान्यात आहे. पूर्वी तिथे बँडेजचे तागे ठेवत. मग आमच्या साहेबांनी ती मागून घेतली. साहेब मद्रासकडचे, रसायनशास्त्रातले डॉक्टर. बोलणे सगळे इंग्रजीत, आणि डोक्यात एकच झाड: सर्पगंधा. सर्पगंधेच्या मुळ्यांपासून रक्तदाबाचे औषध होते. मुळ्या जंगलातून पोत्यांनी येत. मुळी खणली की झाड संपले, आणि पोत्यात निम्म्या मुळ्या भलत्याच झाडांच्या निघत. साहेबांचे म्हणणे, अख्खे झाड हवेच कशाला? झाडाचा एक जिवंत तुकडा कापा, बाटलीत जेलीवर ठेवा, त्याला साखर द्या, क्षार द्या, नारळाचे पाणी द्या. त्या तुकड्याला ना पान फुटते ना मूळ, नुसता एक पांढरट गोळा वाढत जातो. थंड झालेल्या पिठल्यासारखा दिसतो. पण झाडाला जे औषध बनवता येते ते त्याच्या गोळ्यालाही थोडेफार येतच असेल. आले, तर जंगल नको, पोती नकोत. परळमध्ये, फडताळात, औषध पिकेल.

हे मी आता एका दमात लिहिले. तेव्हा कुणी विचारले की मी म्हणायची, "बाटल्यांचं काम आहे," आणि पायांकडे बघायची.

मी फारशी बोलत नाही. राहायला गिरगावात, पण शाळा नन्सची आणि कॉलेजही इंग्रजीतून. घरात मराठी होते, पण ते "जेवायला ये" आणि "दिवा घालव" एवढ्यापुरते. त्यापलीकडचे काही सांगायचे झाले की मला इंग्रजी आठवे, आणि ते दिवस असे होते की परळ-लालबागच्या रस्त्यावर मराठी मुलीने इंग्रजीत तोंड उघडले तर चार माणसे वळून बघत. रोज कुठे ना कुठे संयुक्त महाराष्ट्राची सभा असे. आमचे हेडक्लार्क दादरहून खिशावर बिल्ला लावून येत आणि कचेरीत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणत, "चहा झालाच पाहिजे!" तो रोज होई. त्यामुळे त्यांचा चळवळीवरचा विश्वास दांडगा होता.

मला बाटल्या आवडत. बाटल्या काही विचारत नाहीत.

फक्त त्यांना बुरशी येई. जेली, साखर आणि नारळाचे पाणी हे सर्पगंधेला जितके आवडते त्याच्या शंभरपट हवेतल्या बुरशीला आवडते. हवेतून एक कण जरी बाटलीच्या तोंडातून आत पडला तरी चौथ्या दिवशी आत हिरवी गोधडी अंथरलेली असे. म्हणून बाटल्या प्रेशर कुकरमध्ये उकळायच्या, खोली कार्बोलिकने पुसायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, दार लावून घ्यायचे, आणि स्पिरिटच्या दिव्याशी बसून, श्वास बाजूला सोडत, चिमट्याने तुकडे एका बाटलीतून दुसरीत न्यायचे. आणि तेवढ्यात दार उघडून कुणीतरी विचारायचे, "खोबरं आहे का?"

हा आमचा मूळ रोग. दर आठवड्याला दादरच्या बाजारातून नारळ येत. पाणी गोळ्यांना. खोबरे कुणाला? साहेबांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता. कारखान्याने केला होता. पॅकिंगमधून, भट्टीवरून, कचेरीतून माणसे वाटी घेऊन येत. पहिल्या खेपेला हेडक्लार्कनी कुकरसमोर नारळ वाढवून उद्घाटनही केले होते, आणि मी खाली चंचुपात्र धरीपर्यंत सगळे पाणी तीर्थ म्हणून वाटून झाले होते.

दारावर तेव्हा "स्टराइल रूम" अशी इंग्रजी पाटी होती. दार दिवसातून वीस वेळा उघडे.

गणपती उठल्यावर साहेबांनी मला बोलावून घेतले. नाताळच्या आधी संचालक मंडळी खोली बघायला येणार होती. "मला त्यांना चाळीस दिवसांचे स्वच्छ गोळे दाखवायचे आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "एक पूर्ण खेप. नाही दाखवता आली तर इथे पुन्हा बँडेज येईल." मी मान डोलावली. "आणि तुझी नेमणूक पुढच्या कचेरीत होईल. तुझं इंग्रजी चांगलं आहे. त्यांना टेलिफोनवर कुणीतरी हवं आहे."

ते कौतुक म्हणूनच म्हणाले. मी मात्र टेलिफोन एवढाच शब्द ऐकला. अनोळखी माणसे, न दिसणारी, दिवसभर, कानात! त्या दिवसापासून मला बाटलीतल्या बुरशीतून टेलिफोनची घंटा ऐकू येऊ लागली.

नेमके त्याच आठवड्यात हेडक्लार्कनी फर्मान काढले: कारखान्यातल्या सगळ्या पाट्या मराठीत. "आपल्या राज्यात आपली भाषा," ते म्हणाले. राज्य अजून व्हायचे होते, पण त्यांनी पाट्या आधीच करून ठेवायच्या ठरवल्या होत्या. ज्याची खोली त्याने मजकूर द्यायचा, रंगवणार लालबागचा पेंटर.

मी शब्दकोश उघडला. "स्टराइल" या शब्दापुढे पहिलाच मराठी शब्द होता तो मी व्यवस्थित उतरवून दिला. आमच्या घरात तो शब्द मुलींच्या कानावर पडू देत नसत, त्यामुळे तो मला वैज्ञानिक वाटला. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांत, खाली वेलबुट्टी काढून, पाटी लागली:

"वांझ खोली. आत येऊ नये."

त्या दिवशी जेवढी माणसे आमच्या दाराशी आली तेवढी नारळाच्या दिवशीही कधी आली नव्हती. पॅकिंगमधल्या बायका टोळीने येत, वाचत, एकमेकींना ढकलत आणि खिदळत पळत. एकीने दुसरीला आत लोटलेही. हेडक्लार्क धावत आले, पाटीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, हा शब्द… म्हणजे शब्द मराठीच आहे. पण."

पुढचे मावशींनी सांगितले. मावशी आमच्याकडे बाटल्या धुवायला आणि खोली पुसायला होत्या, निदान हजेरीपटावर तसे लिहिलेले होते. चाळिशीच्या, उंच, नायगावच्या चाळीतून चालत येत. आधी बरीच वर्षे मिलमध्ये सुतावर काम केलेले. बाटली उजेडाकडे धरून, नंतर नाकाशी नेऊन त्या सांगत, "ही बिघडणार," आणि ती बिघडे. मी तुकडे उचलताना बाटलीचे तोंड ज्योतीवर फिरवून बरोबर वेळेला पुढे करणे हेही त्याच करत. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

"ताई," त्या म्हणाल्या, "हितं आपण वाढवायलाच बसलोय न्हवं? मग वांझ कशी?" आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांनी मला दोन वाक्यांत, काहीही न लपवता, समजावून दिला. मी उरलेला दिवस कुकरकडे तोंड करून काढला.

घरी माझी आत्या आमच्याकडेच राहते. तिचे सोवळे कडक. सकाळी अंघोळ करून लोकरीची धाबळी नेसली की दुपारच्या जेवणापर्यंत तिला कुणी शिवायचे नाही, मीही नाही. त्या रात्री जेवताना तिने विचारले, "तोंड का पाडलंयस?" मी खोलीचे काम जमेल तसे सांगितले. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा खुलत गेला.

"हात धुता आत जाताना?"

"तीनदा. कोपरापर्यंत."

"मधे कशाला शिवलं तर?"

"पुन्हा धुवायचे."

"आणि बाटलीवर बोलायचं नाही?"

"श्वाससुद्धा सोडायचा नाही."

"अगं, मग हे सोवळंच की!" आत्या म्हणाली. "एवढ्या पदव्या घेतल्यात आणि शेवटी आलात कुठं, तर माझ्या स्वयंपाकघरात!"

मला इतके हलके वाटले! हवा तो शब्द घरातच होता. आत्याने मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. वर तिने आपली जुनी धाबळी काढून दिली. "कामाच्या वेळी ही गुंडाळत जा. लोकरीला विटाळ लागत नाही. मात्र परत आणू नकोस, तिथली झाली ती." मी ती कोटावरून गुंडाळू लागले. उकडायचे फार, पण मला वाटे की आता मी शास्त्र आणि परंपरा दोन्हींचा आधार घेतला आहे.

दसऱ्याच्या सुमाराला तिसरी पाटी लागली:

"सोवळ्याची खोली. शिवाशिव करू नये. विटाळाने माल बिघडतो."

हेडक्लार्क पाटीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "वा! याला म्हणतात अस्सल मराठी!" खरेच, पाटी लागू पडली. त्या दिवसापासून खोबरे मागायला कुणी आत आले नाही. दाराशी आलेली माणसे चपला बाहेर काढू लागली. एकाने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

मावशीही आत आल्या नाहीत.

पाटी लागली तेव्हा त्या धुतलेल्या बाटल्यांचे घमेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती एकेक शब्द लावत मोठ्याने वाचली. शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "बरं." घमेले बाहेरच्या स्टुलावर ठेवले आणि दोन पावले मागे सरून उभ्या राहिल्या. "ठेवल्यात ताई. घ्या. पाणी शिपडून घ्या."

मला वाटले, किती शिस्त! पाणी कशाला शिंपडायचे ते मात्र कळले नाही. मी कुकरमधून काढलेले पाणी थोडे शिंपडले.

पुढे रोज तसेच. त्या बाहेरून हाक मारत, मी दार उघडून घमेले आत घेई, दार लावी, तुकडे उचलायला बसे तो रिकाम्या बाटल्या बाहेर न्यायच्या असत, पुन्हा दार. खोली मीच पुसू लागले, म्हणजे जिथवर हात पोचेल तिथवर. बाटली धरायची मीच, ज्योतीवर फिरवायची मीच, चिमटाही मीच. त्या आठवड्यात निम्म्या बाटल्या हिरव्या झाल्या. पुढच्या आठवड्यात दोन सोडून सगळ्या. साहेब बाटल्यांकडे बघून म्हणाले, "माणसं कमी झाली आणि बुरशी वाढली. हे मला कुणीतरी समजावून सांगा." मी धाबळी आणखी घट्ट गुंडाळली.

दिवाळी दारात आली होती. चाळीस दिवसांची खेप दाखवायची तर ती आता दिवाळीआधीच लागायला हवी होती. एका दुपारी मी नळाकडे गेले. मावशी पाठमोऱ्या बसून बाटल्या घासत होत्या. मी त्यांना वर्षभरात आपण होऊन एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला, "मावशी, तुम्ही आत का येत नाही?"

त्यांनी बाटली धुऊन उपडी ठेवली. "पाटी कुणी लिवली?"

"मी."

"म्या वाचली. तुम्हाला वाटलं आसंल हिला कुटं वाचता येतंय. चाळीतल्या वर्गात शिकले. ह्या वयात. आमच्या अख्ख्या चाळीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तवाच म्हनले, आता अक्षर शिकायचंच." त्यांनी दुसरी बाटली घेतली. "आन वाचता यायला लागल्यावर काय वाचलं, तर ह्ये. शिवाशिव. विटाळ. त्या शब्दांपायी आमी देव सोडले, ताई. बाटल्या सोडायला कितीसा येळ लागतोय?"

नळ चालूच होता. या वेळी मला इंग्रजीही आठवेना. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण नेहमी स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूने. मला बाहेर ठेवत ते दुपारच्या जेवणापर्यंत. ज्यांना जन्मभर बाहेर ठेवले त्यांच्याकडे मी कधी वळून बघितले नव्हते.

"मला माहीत नव्हतं," मी शेवटी म्हणाले.

"तेच तर," मावशी म्हणाल्या. राग होता, पण त्यात थोडी मजाही होती; माझा चेहराच तसा झाला असावा. त्यांनी माझ्या अंगावरच्या धाबळीचे टोक दोन बोटांनी उचलून बघितले. "आन ह्ये काय पांघरलंय?"

"सोवळं. म्हणजे… लोकर. याला काही लागत नाही."

"कधी धुतलीया?"

मी विचार केला. धाबळी वाळत घातलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

मावशी हात पुसत उठल्या. "तुमची ती जेलीची बशी हाय न्हवं, हवा तपासायची? तीन बशा काढा. एकीत तुमचं बोट, एकीत माजं, एकीत ही बया. बघू कुणाचा विटाळ उगवतो."

आम्ही तीन बशा मांडल्या. झाकणांवर मावशींनीच मेणाच्या पेन्सिलीने लिहिले: "ताई", "मी", "लोकर". बशा उबेच्या कपाटात ठेवल्या. ते तीन दिवस मला माझ्या परीक्षेच्या निकालापेक्षा जड गेले. हेडक्लार्कना कुठून तरी वास लागला आणि ते रोज येऊन विचारत, "काय? कोण पुढे आहे?"

चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर झाकणे उघडली. माझ्या बशीत चार ठिपके होते, त्यांतला एक गुलाबी. मावशींच्या बशीत जेली होती तशीच, काचेसारखी. कडेला एकच बारीक ठिपका, तोही त्यांनीच दाखवला. "ह्यो माजा." वर्षभर रोज कार्बोलिकमध्ये बुडालेले हात, त्यांवर दुसरे काय उगवणार?

धाबळीच्या बशीत जेली दिसतच नव्हती. हिरवे होते, काळे होते, कडेला केशरी होते, आणि मधोमध कापसासारखे पांढरे इतके उंच वाढले होते की झाकणाला टेकले होते.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारले. मी इंग्रजीत सांगितले की हे आमच्या घरातले सर्वांत पवित्र वस्त्र आहे. साहेब बराच वेळ बशीकडे बघत राहिले. त्यांच्याकडेही असले काहीतरी असणार. मग हळूच म्हणाले, "माझी आई मुंबईला येईल तेव्हा ही बशी कपाटात ठेव."

हेडक्लार्कनी बोटे खिशात घातली. "माझं घेऊ नका," ते म्हणाले. "मी तंबाखू मळतो."

मावशींनी एवढेच विचारले, "मिलमध्ये कापूस उडताना बघितलाय का कुणी? वारा दिसत न्हाई, पर तो काय घेऊन येतो ते दिसतंय. दार किती उघडता त्ये मोजा. सोवळं नका मोजू."

पेंटर म्हणाला, पाटी उलटी करतो, मागच्या बाजूला नवीन लिहितो. मावशी म्हणाल्या, "न्हाई. पाठीला बी राहू द्यायचं न्हाई." तेव्हा पाटी मी काढून घेतली. पाते आणि टर्पेंटाइन घेऊन नळाशी बसले आणि ती अक्षरे खरवडून काढली. सगळ्यांत शेवटी "शिवाशिव" राहिले. पेंटरने त्याच्यावर रंगाचे दोन हात दिले होते. पत्रा कोरा होईपर्यंत मावशी शेजारी बाटल्या धूत होत्या. मी माफी मागायचे वाक्य मनात तयार करत होते, पण ते तयार झाले तेव्हा पत्रा पुसून झाला होता आणि मावशी तो उजेडाकडे धरून बघत होत्या. मग त्यांनी तो नाकाशी नेला. "झालं," त्या म्हणाल्या.

"आता काय लिहायचं?" मी विचारले.

"पाटी अशी पायजे की वाचली की मानूस आपसूक मागं सरला पायजे. लोकं भितात कशाला?"

"भुताला?"

"भुताला बघायला येतील. वर खोबरं मागतील." त्यांनी पत्रा भिंतीला टेकवला. "साहेबाला."

चौथी पाटी त्यांनी स्वतः लिहिली. पेंटरला हात लावू दिला नाही. अक्षरे एका रांगेत नव्हती, पण लांबून वाचता येत:

"आत साहेब आहेत."

हेडक्लार्कना ती पसंत पडली नाही. "'साहेब' हा काही मराठी शब्द नव्हे."

"भीती मराठी हाय न्हवं?" मावशी म्हणाल्या.

ती होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाजूच्या बोळात माणसे आवाज खाली आणून बोलू लागली. भट्टीवाले विडी विझवून मग पुढे जात. हेडक्लार्कना पाटीमागची गोष्ट ठाऊक होती, तरी दारापुढून जाताना त्यांचा हात कोटाच्या बटणाकडे जाई. खरे साहेब मराठी वाचू शकत नव्हते. त्यांना पाटीचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, आणि त्यानंतर स्वतःच्याच खोलीत येतानाही ते दारावर टकटक करू लागले. खोबरे मावशी आठवड्यातून एकदा नळाजवळ वाटत. आणि मावशी आत आल्या. त्यांनी आधी स्टूल उचलून आत आणले, त्यावर चढून छत पुसले, आणि मी इतके दिवस काय पुसले होते ते फडक्यावर मला दाखवले.

घरी मी आत्याला धाबळीचे सांगितले. ती फणकारली. "तुमच्या काचेला काय कळतंय सोवळं!" मी पाटीतले शब्द कुणी वाचले तेही सांगितले. ती ताक घुसळत राहिली. तिचे विचार बदलले असे मी म्हणणार नाही. ते मला ठाऊक नाही. एवढे मात्र खरे की त्या रविवारी आमच्या गॅलरीत, दोरीवर, तिची दुसरी धाबळी वाळत होती. शेजारच्या काकू तिच्याकडे चळवळीचा झेंडा लागल्यासारख्या बघत होत्या.

नवीन खेप चोवीस बाटल्यांची लावली. मी तुकडे उचलायची, मावशी बाटली धरत. दोघी श्वास बाजूला सोडत असू, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता, आणि मला ते फार बरे वाटे. चौथा दिवस गेला. दहावा गेला. चोवीसपैकी तीन बिघडल्या. त्या तिन्ही मावशींनी आधीच नाकाने ओळखून बाजूला काढल्या होत्या. बाकीच्यांत गोळे फुगत गेले, पिवळट, खरबरीत, अगदी कुरूप. मला ते देखणे वाटत.

संचालक आले त्या दिवशी चाळीस भरून एक दिवस वर झाला होता. पुढे एक वयस्क गृहस्थ होते, हातात काठी, मागे चारपाच सूटवाले, कडेला आमचे साहेब, सर्वांत मागे हेडक्लार्क. त्यांनी बिल्ला खिशाच्या आत लावला होता. आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. काठीवाल्या गृहस्थांनी दाराच्या मुठीला हात घातला, आणि त्यांची नजर पाटीवर गेली. त्यांना मराठी वाचता येत होते. हात तिथेच थांबला.

"आत साहेब आहेत," त्यांनी वाचले. मग आमच्या साहेबांकडे वळून इंग्रजीत विचारले, "तुम्ही तर इथे आहात. मग आत कोण आहे?"

साहेबांनी माझ्याकडे बघितले. मग सगळ्यांनी बघितले. मी सबंध आठवडा इंग्रजीतून एक भाषण पाठ केले होते. त्यातला एक शब्द आठवेना. टेलिफोनची घंटा मात्र स्पष्ट ऐकू आली.

"वाढतायत," मी म्हणाले.

"कोण?"

"साहेब." एवढे निसटलेच, तेव्हा मी पुढेही गेले. "चाळीस दिवसांचे आहेत. दार उघडलंत तर वारा जाईल आणि बुरशी येईल. दाराच्या काचेतून बघा." आणि मला स्वतःलाच नवल वाटले, की मराठीत चार वाक्ये सलग आली होती.

"आन काठी काचेला लावू नका," मावशी म्हणाल्या.

हेडक्लार्कनी डोळे मिटले. पण त्या गृहस्थांनी काठी काखेत धरली, वाकले, आणि काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिले. आत रांगेत एकवीस बाटल्या, आणि बाटल्यांत एकवीस पिठल्याचे गोळे.

मग बोळातच, छोट्या टेबलावर, साहेबांनी गोळ्याचा अर्क परीक्षानळीत घेऊन त्यात औषध ओळखायच्या द्रावणाचे थेंब टाकले. आम्ही सगळे नळीकडे बघत होतो. अर्क गढूळ झाला. पाण्यात दुधाचा एक थेंब पडावा एवढाच, पण झाला. साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगून टाकले की मुळीच्या मानाने हे फार थोडे आहे, आणि नेमके आपल्याला हवे तेच औषध यात आहे की त्याची भावंडे, हे बघायला वेळ लागेल.

"आज याच्यातून एक गोळी करायची तर किती बाटल्या लागतील?"

साहेब म्हणाले, "ही खोली भरून."

गृहस्थ मोठ्याने हसले. सूटवालेही हसले. हसणे थांबल्यावर ते पुन्हा काचेकडे वळले. "आतल्या साहेबांना आणखी एक वर्ष द्या," ते म्हणाले. "नवे आहेत. लगेच कुणाकडून काम होतं?" आणि जाताना त्यांनी पाटीपुढे, गमतीने असेल, किंचित मान लववली.

बँडेज आले नाही. कचेरीतल्या टेलिफोनवर दुसरी मुलगी बसली. ती फार छान बोलते. आमच्याकडे आता गोळ्यांना कुणी गोळे म्हणत नाही. "साहेबांना नारळपाणी दिलं का?" "दोन साहेब बिघडले." साहेब स्वतःही तसेच म्हणतात, आपल्या मद्रासी उच्चारात. औषध अजून एका गोळीएवढे झालेले नाही, पण गढूळपणा थोडा दाट होत चालला आहे असे मला वाटते. मावशी म्हणतात, तसे वाटतेय एवढेच. आधी शंभर बाटल्या होऊ द्या.

त्या भेटीचा एकच परिणाम मला नको होता. खोली महत्त्वाची ठरली म्हणून संचालकांनी आम्हाला खास एक टेलिफोन दिला. तो बोळात, पाटीच्या शेजारी, भिंतीवर लावला आहे. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी चिमटा हातात घेऊन तशीच गोठून बसले. मावशींनी बाटलीचे तोंड बंद केले, हात पुसले, बाहेर जाऊन दार नीट लावून घेतले आणि टेलिफोन उचलला.

"हालो," मला दाराआडून ऐकू आले. "न्हाई. साहेब आत हायत. न्हाई, ते बोलत न्हाईत. ताई? त्या बी न्हाईत बोलत. काय आसंल ते मला सांगा."